आफ्टरसन – घरात तीन माणसं, तीन मतं (स्पॉयलर आहेत, बघायचा असेल तर आधी बघून या)

सांजवात

परवा रात्री मी, आई आणि धाकटा भाऊ अशा तिघांनी मिळून 'आफ्टरसन' बघितला. शार्लट वेल्स या दिग्दर्शिकेची पहिलीच फीचर फिल्म, २०२२ची. कान फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवली होती, पुढे बाबाचं काम करणाऱ्या पॉल मेस्कलला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, तेव्हापासून माझ्या यादीत पडून होती.

गोष्ट म्हणाल तर इतकीच. अकरा वर्षांची सोफी आणि तिचा तिशीतला बाबा कॅलम. आईबाबा वेगळे झालेत, सोफी आईकडे स्कॉटलंडमध्ये राहते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बापलेक टर्कीतल्या एका साध्याशा रिसॉर्टवर सुट्टीला जातात. पोहतात, पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळतात, हातातल्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर एकमेकांचं शूटिंग करतात. सुट्टी संपते, एअरपोर्टवर टाटा होतो. मध्येमध्ये मोठी झालेली सोफी दिसते, ती त्याच टेप्स बघतेय. बास.

सिनेमा संपला तेव्हा मला सोफ्यावरून उठताच येईना. रडायला येत होतं आणि कशाचं ते सांगता येत नव्हतं. शेजारी बघितलं तर भाऊ झोपलेला, म्हणजे अगदी गाढ, तो अर्ध्या तासातच गेला होता. आणि आई चिडलेली. आई म्हणाली, "हा कसला बाप, अकरा वर्षांच्या पोरीला परक्या देशात रात्री एकटी सोडतो आणि आपण त्याच्यासाठी रडायचं?" मी म्हटलं अगं त्याची अवस्था बघ ना काय आहे, तर आई म्हणे "अवस्था सगळ्यांचीच असते, तुम्हाला वाढवताना माझी नव्हती का?" आणि उठून झोपायला गेली.

मला तेव्हापासून चैन नाही. एकच सिनेमा, एकच टीव्ही, एकच रात्र, आणि तिघांनी जणू तीन वेगळ्या गोष्टी बघितल्या. नेटवर वाचलं तर तिथेही तेच, एक तर "आयुष्य बदलून गेलं" नाहीतर "दोन तास फुकट गेले". मधलं कुणी नाहीच. तुम्ही बघितला असेल तर प्लीज सांगा काय वाटलं. नाही आवडला असेल तर तेही मोकळेपणाने लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

नुसता_वाचक

मोकळेपणाने लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मला नाही आवडला. झोपलो नाही, शेवटपर्यंत नेटाने बघितला, आणि संपल्यावर राग आला.

माझी तक्रार संथपणाबद्दल नाहीये. मी संथ सिनेमे बघतो आणि आवडीने बघतो. तक्रार अशी की दिग्दर्शिका सगळं स्वतःकडे ठेवते. बाबाच्या हाताला प्लास्टर का आहे? सांगत नाही. रात्री समुद्रात चालत जातो, मग पुढच्या शॉटला खोलीत झोपलेला, मधे काय झालं? सांगत नाही. त्याचं पुढे काय झालं, गेला की आहे? तेही नाही. ते अंधारात लाइट चमकतायत आणि माणसं नाचतायत ते मधूनमधून येतं ते काय, हे मला संपेपर्यंत कळलं नाही, नंतर वाचून कळलं. मग वाटतं की अर्धा सिनेमा बघणाऱ्याने मनातल्या मनात लिहायचा आणि कौतुक मात्र त्यांचं करायचं.

ज्यांना आवडलाय त्यांच्याशी बोललं की बहुतेक वेळा ते सिनेमाबद्दल कमी आणि स्वतःच्या वडलांबद्दल जास्त बोलतात. ते खरंच असेल, मी कोण नाही म्हणणार. पण मग तो सिनेमाचा गुण की त्यांच्या आठवणींचा? माझे वडील ठणठणीत आहेत, आमचं उत्तम जमतं. मग मला या सिनेमाने काय द्यायचं?

आणि "तुला कळला नाही" हे उत्तर कृपया देऊ नका, ते मी चार ठिकाणी ऐकलंय.

ठिपक्यांची_ओळ

नुसता_वाचक +१. पोरीचं काम मात्र अफाट. फ्रँकी कोरिओ, याआधी तिने कधी काम केलं नव्हतं म्हणे. कुठेच अभिनय वाटत नाही. पण पहिला पाऊण तास मी सारखं घड्याळ बघत होते.

खिडकीशेजारी

मी अजून बघितला नाही पण धागा वाचतेय, स्पॉयलर चालतील मला. लिहा लिहा.

अर्धविराम

'तुला कळला नाही' असं मी म्हणणार नाही, कारण पहिल्यांदा मलाही नव्हता कळला. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाच्या नजरेने बघत होतो. आपण सवयीने समजतो की कॅमेरा म्हणजे खरं काय घडलं ते दाखवणारा. इथे तसं नाहीये. हे सगळं मोठ्या सोफीला आठवतंय. आणि तिला जे माहीतच नाही ते ती आठवणार कशी? प्लास्टर का आहे ते तिला लहानपणी कुणी सांगितलं नाही, म्हणून आपल्यालाही नाही. बाबा रात्री समुद्राकडे गेला तेव्हा ती तिथे नव्हती. ते तिने आत्ता, मोठेपणी, मनाने उभं केलंय. म्हणजे दिग्दर्शिका लपवत नाहीये हो, मुलीच्याच हाताला ते लागत नाहीये.

हे एकदा धरलं की मग शॉट्स वेगळे दिसायला लागतात. सुरुवातीची ती पहिली रात्र आठवते? रूममध्ये दोन बेड हवे होते आणि एकच आहे. तो सोफीला बेडवर झोपवतो, तिचे बूट काढतो, मग बाल्कनीत जाऊन सिगरेट ओढतो. कॅमेरा खोलीतच राहतो. काचेपलीकडे त्याची पाठ, तो हळूहळू डुलतोय, आणि आवाज कसला येतो तर झोपलेल्या सोफीच्या श्वासाचा. बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. बाप आणि मुलगी यांच्यात एक काच, आणि ती झोपलेली. पुढच्या पूर्ण सिनेमाची चावी त्या एका शॉटमध्ये दिलीय असं मला वाटतं.

किंवा ते टीव्हीचं. सोफी कॅमेरा त्याच्यावर धरून विचारते, तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा आता काय करत असशील असं तुला वाटायचं? तो कॅमेरा बंद कर म्हणतो. ती बंद करते. आणि त्यानंतर तो जे सांगतो, की त्याच्या अकराव्या वाढदिवसाला घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं, ते आपल्याला बंद टीव्हीच्या काळ्या काचेतल्या प्रतिबिंबात दिसतं. टेपवर ते नाही. टेपवर फक्त प्रश्न राहिला, उत्तर सोफीच्या डोक्यात राहिलं. मला तर हे बघताना अंगावर काटा आला.

आणखी एक, तो पोलरॉइड फोटो. जेवायच्या टेबलापाशी कुणीतरी दोघांचा फोटो काढून देतं. कॅमेरा माणसांवर जातच नाही, टेबलावर पडलेल्या त्या फोटोवर थांबतो आणि थांबूनच राहतो. वरून दोघांचं बोलणं चालू, आणि खाली करड्या चौकोनातून हळूहळू दोन चेहरे वर येतात. लोक म्हणतात काही घडत नाही. अहो, समोर आठवण तयार होतेय की!

तांत्रिक बाजूचं थोडं सांगतो, कारण ते इथे गोष्टीशीच जोडलेलं आहे. मुख्य शूटिंग ३५ एमएम फिल्मवर आहे आणि घरगुती व्हिडिओ मिनीडीव्हीवर, म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर. मिनीडीव्हीचे कॅमेरे १९९५ला आले, म्हणजे नव्वदच्या शेवटाला ते घराघरात पोचायला लागले होते, काळ अगदी बरोबर बसतो. त्या व्हिडिओत रंग फटफटीत, हालचाल झाली की चित्र ओढल्यासारखं होतं. फिल्मवरचा भाग मात्र मऊ आणि उबदार. म्हणजे जे खरोखर रेकॉर्ड झालंय ते ओबडधोबड आणि जे नुसतं आठवतंय ते सुंदर. मला हे फार खरं वाटलं.

मधली_सुट्टी

सांजवात, तुझ्या आईच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. मी स्वतः आई आहे, मुलगी दहा वर्षांची.

कराओकेच्या रात्रीनंतर मला सिनेमा धड बघताच आला नाही. सोफीने दोघांचं नाव दिलेलं असतं, तो उठायला तयार नाही, मग ती एकटी जाऊन गाते. 'लूझिंग माय रिलिजन', बेसूर, हळू आवाजात, आणि नजर सारखी बाबाकडे. तो जागचा हलत नाही. लेकरू एवढ्या लोकांसमोर एकटं उभं आहे रे बाबा, उठ ना! नंतर तो तिला गाण्याचा क्लास लावू म्हणतो, तेव्हा ती म्हणते की पैसे नाहीत हे माहीत असताना देतो देतो म्हणू नकोस. अकरा वर्षांची पोर हे बोलते. आणि त्यानंतर तो तिला तिथेच सोडून जातो. ती मोठ्या पोरापोरींत फिरते, रात्री रूमची किल्ली नाही, रिसेप्शनवरून मिळवते, तर हा आत उघडानागडा झोपलेला. ती त्याच्यावर चादर घालते.

ती चादर घालते ना, तिथे मी रिमोट खाली ठेवला आणि उठून मुलीच्या खोलीत जाऊन आले.

मला सिनेमा आवडला नाही असं नाही म्हणणार. पण तो माणूस आजारी आहे, दुःखी आहे, हे कळूनसुद्धा माझा राग जात नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. मुलांना आईबापाचे आईबाप व्हायला लागणं हे वाईटच. तुझी आई जे म्हणाली "तुम्हाला वाढवताना माझी अवस्था नव्हती का", ते वाक्य मला सिनेमातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त लागलं. त्यावर तू काय उत्तर दिलंस?

नुसता_वाचक

अर्धविराम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बाल्कनीच्या शॉटबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं, तो शॉट मलाही आवडला होता. टीव्हीच्या काचेचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण माझा मुद्दा अजून तसाच आहे. जे दुसऱ्यांदा बघून कळतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याला का मिळू नये? बहुतेक लोक एकदाच बघतात. दिवसभर काम करून रात्री दीड-पावणेदोन तास काढतात. त्यांनी ते काढले आणि हाती काही लागलं नाही तर चूक त्यांची कशी?

शिवाय याच्याभोवती जो गाजावाजा झाला त्यानेही नुकसान केलंय असं माझं मत. 'साइट अँड साउंड' मासिकाने २०२२चा सर्वोत्तम सिनेमा म्हणून निवडला, बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांमध्ये पदार्पणाचं पारितोषिक. हे वाचून माणूस बसतो तेव्हा त्याला वाटतं काहीतरी प्रचंड दिसणार. आणि समोर येतं काय तर स्विमिंग पूलवर ऊन खात पडलेले दोघं. छोटा सिनेमा छोटा म्हणूनच समोर आला असता तर कदाचित मी वेगळ्या मनाने बघितला असता.

काजवा

मी सहसा लिहीत नाही, वाचतोच. पण मधली_सुट्टी ताईंची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझा घटस्फोट झालाय. मुलगी तिच्या आईकडे असते, सुट्टीत काही दिवस माझ्याकडे येते. त्या काही दिवसांत काय होतं ते सांगतो. आधीपासून ठरवलेलं असतं की एक मिनिट वाया घालवायचं नाही. मग प्रत्येक दिवस छान झालाच पाहिजे असं ओझं होतं. आपण थकलोय, ऑफिसात काहीतरी बिनसलंय, पैशाची ओढाताण आहे, हे काही काही दिसू द्यायचं नाही. आणि पोरीला दिसतंच. ती महागाची वस्तू बघते आणि "नको, मला नाही आवडली" म्हणते. तुम्हाला कळतं की तिला आवडली होती.

सिनेमात ती डायव्हिंगला जाताना तिच्या हातून पाण्यातला मास्क समुद्रात पडतो. ती म्हणते सॉरी, महागाचा होता ना, मला माहितीय. तो असू दे म्हणतो, पण चेहऱ्यावर एक क्षण जे येतं ते मी ओळखलं. मास्कचं काही नाही हो. पोरीला किंमत कळायला लागली त्याचं दुःख आहे ते.

आणि मग हाच माणूस जाऊन गालिचा घेतो, परवडत नसताना. माझा मित्र म्हणाला किती बेजबाबदार. मला तसं नाही वाटलं. पुढे मोठी सोफी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकते तेव्हा पायाखाली तोच गालिचा आहे. त्याने तो स्वतःसाठी घेतलाच नव्हता असं मला वाटतं. आपल्या मागे तिच्या पायाखाली काहीतरी असावं एवढंच.

कराओकेला तो उठायला हवा होता, ताई. बरोबर आहे तुमचं. माझ्याकडूनही असे दोन-तीन प्रसंग न उठण्याचे झालेत आणि ते मला तारखेसकट आठवतात.

मधली_सुट्टी

काजवा दादा, माझ्या लिहिण्याने तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. गालिच्याचं मी लक्षातच घेतलं नव्हतं, मला ते घर दाखवलंय एवढंच वाटलं होतं.

काजवा

अहो माफी कसली. तुम्ही लिहिलंत म्हणून तर मी लिहू शकलो.

उशिराची_गाडी

या धाग्यावर मला यायला उशीर झालाय पण लिहिते.

मी काही वर्षं डिप्रेशनची औषधं घेतलीत, आता बरी आहे. हे इथे सांगायचं कारण असं की सिनेमात एक प्रसंग आहे ज्याबद्दल कुणी लिहिलं नाहीये. दिवसभर मजा करून दोघं खोलीत आलेत. सोफी बेडवर पडून बोलतेय, की तुला असं होतं का कधी, दिवस खूप छान गेला आणि मग घरी आलं की एकदम थकायला होतं, जड जड वाटतं, हाडं कामच करत नाहीत असं, बुडत चालल्यासारखं. ती सहज बोलतेय, लहान मुलं बोलतात तसं. बाबा बाथरूममध्ये दात घासतोय, तिला तो दिसत नाही. आपल्याला दिसतो. तो थांबतो. मग आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्यावर थुंकतो. आणि बाहेर येऊन तिच्याशी नेहमीसारखा बोलतो.

इतकं अचूक मी पडद्यावर कधी बघितलं नव्हतं. कारण त्या क्षणी त्याला वाटलेलं असतं की हे माझ्याकडून हिच्यात गेलं. ती भीती. मला मूल नाही, पण भाचा आहे, आणि तो कधी गप्प बसला की माझ्या पोटात गोळा येतो, थेट त्याच कारणाने.

लोक म्हणतात तो तर हसतोय, नाचतोय, 'ताई ची' या चिनी व्यायामाचे हातवारे करतोय, ध्यानाची पुस्तकं वाचतोय, कसला दुःखी? अहो तसंच असतं ते. मी ऑफिसात सगळ्यात जास्त बोलणारी होते. माझ्या सख्ख्या बहिणीला कळलं नव्हतं. त्या पुस्तकांकडे मी 'हा स्वतःला सावरायला धडपडतोय' असं बघितलं, आणि तो सावरत नाहीये हे दिसत असल्यामुळे मला ते बघवलं नाही. डायव्हिंगच्या बोटीवर तो तिथल्या माणसाला बोलता बोलता म्हणून जातो की चाळिशीत मी असेन असं मला दिसतच नाही, तिशीपर्यंत पोचलो याचंच आश्चर्य वाटतं. किती साध्या आवाजात. समोरचा काय बोलणार त्यावर.

नुसता_वाचक, तुम्ही विचारलंत की वडील ठणठणीत असतील तर या सिनेमाने मला काय द्यायचं. मी तुम्हाला पटवायला नाही लिहीत. पण माझ्या घरच्यांना मी ठणठणीतच वाटत होते.

ठिपक्यांची_ओळ

उशिराची_गाडी, हे लिहिल्याबद्दल खूप खूप थँक्स. आरशाचा सीन आला तेव्हा मी बहुतेक फोन बघत होते. आज रात्री परत लावते.

अर्धविराम

+१००. आणि तो वाढदिवसाचा कट. सोफी सगळ्या टूरिस्ट लोकांना गोळा करून त्याच्यासाठी गाणं म्हणायला लावते. तो वर पायऱ्यांवर उभा, काय करावं कळत नाही असा. आणि लगेच पुढचा शॉट, तो खोलीत एकटा पाठमोरा बसून हमसून हमसून रडतोय. तिचा अकराव्या वाढदिवसाचा प्रश्न आठवा. ज्याचा वाढदिवस घरात कुणाच्या लक्षात नव्हता त्याच्यासाठी त्याच्या पोरीने अख्खा जमाव उभा केला.

सांजवात

बापरे, दोन दिवस आले नाही तर धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे मनापासून आभार, काजवा आणि उशिराची_गाडी तुमचे विशेष.

मधली_सुट्टी, तू विचारलंस आईला काय उत्तर दिलं. त्या रात्री काहीच नाही. पण तुझी पोस्ट मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. सगळी. ती ऐकत होती, मग म्हणाली "ही शहाणी आहे". आणि मग बराच वेळ बोलली. बाबा फिरतीवर असायचे, आम्ही दोघं लहान, तेव्हा ती संध्याकाळी बाथरूमचं दार लावून नळ सोडून ठेवायची. मला तो नळाचा आवाज आठवतो. मला वाटायचं आई कपडे भिजवतेय. मी पस्तीस वर्षांची आहे आणि मला हे परवा कळलं.

म्हणून आता मला असं वाटतंय की आईचा राग हा त्या बापावरचा नव्हताच नुसता. तिने दार लावून घेतलं, रडली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन आमचा अभ्यास घेतला. त्याला ते जमलं नाही आणि सिनेमा त्याला जवळ घेतो. तिला कुणी जवळ घेतलं होतं? तिचा प्रश्न हाच होता आणि मी तिला सिनेमाची भाषा समजावत बसले होते. फार वाईट वाटलं मला.

भावाने परत लावला, या वेळी जागा राहिला. त्याला तो शेवटचा नाच आवडला, 'अंडर प्रेशर'वाला. गाणं चालू असताना मागचं संगीत हळूहळू निघून जातं आणि नुसते गायकांचे आवाज उरतात, हे त्यानेच मला दाखवलं. तिकडे सुट्टीतली लहान सोफी हसत हसत बाबाच्या मिठीत, आणि त्या लाइटच्या चमचमाटात मोठी सोफी त्याला धरायला बघतेय. नुसता_वाचक, ते अंधारातले लाइट म्हणजे काय ते मला तरी तिथे कळलं. ती आता त्याच्या वयाची झालीय आणि त्या गर्दीत त्याला शोधतेय. पण सुरुवातीला त्याचा काही संदर्भ लागत नाही हे तुमचं म्हणणं मान्य, माझाही गोंधळ झाला होता.

नुसता_वाचक

सांजवात, नळाचं वाचून काही वेळ स्क्रीन तशीच ठेवून बसलो.

काल शेवटची वीस मिनिटं परत बघितली, फक्त तेवढीच. माझं मत फार बदललं नाही. अजूनही वाटतं की पहिल्या भागातली दहा मिनिटं सहज कमी करता आली असती आणि ते लाइटचे तुकडे सुरुवातीला इतके पेरायला नको होते. पाचपैकी अडीच देत होतो, तीन देईन.

पण एक गोष्ट दिसली ती लिहितो. शेवटी एअरपोर्टवर सोफी जाता जाता मागे वळून वळून टाटा करते, भिंतीआड लपते, परत डोकावते. ते व्हिडिओ टेपवर आहे आणि तिथेच चित्र थांबतं. मग कॅमेरा वळत वळत मोठ्या सोफीच्या खोलीतून जातो आणि एअरपोर्टच्या त्या लांब पॅसेजमध्ये बाबावर येतो. तो कॅमेरा बंद करतो, पाठ फिरवतो, दारातून आत निघून जातो. पहिल्या वेळी मी 'आत कुठे गेला' याच्यातच अडकलो होतो. काल लक्षात आलं की टेपवरच्या त्या शेवटच्या तुकड्यात बाबा नाहीच. तो शूटिंग करत होता. मुलीला निरोपाच्या टेपमध्ये बघायला मिळतं ते तिचं स्वतःचंच तोंड, बाबा त्या क्षणी कसा दिसत होता ते तिला कधीच कळणार नाही.

आमच्याकडेही जुन्या कॅसेट आहेत, बाबांनी काढलेल्या. सहली, वाढदिवस, माझी सायकल. मी त्यात सगळीकडे आहे, आई आहे, ताई आहे. बाबा एकाही कॅसेटमध्ये नाहीत, फक्त त्यांचा आवाज आहे, "इकडे बघ, इकडे बघ".

परवा रविवारी घरी जातोय. या वेळी कॅमेरा मी धरणार आहे.

खिडकीशेजारी

आज रात्री लावतेय. आईला बरोबर घेऊन बसते.